शुमार आणि सुमारे : लोकसंख्येच्या भाकितांबद्दल थोडेसे

उर्दूत जनगणनेला मर्दुमशुमारी म्हणतात. मर्दुम म्हणजे माणसे, शुमार म्हणजे मोजणी. मराठीतही पूर्वी खानेसुमारी हा शब्द होता; खाना म्हणजे घर. याच फारसी ‘शुमार’चा मराठीत ‘सुमार’ झाला आणि त्यातून ‘सुमारे’ निघाला. मुळात नेमके मोजणे असा अर्थ असलेला शब्द आपल्याकडे येता येता अंदाजाचा शब्द झाला. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला शब्दांचा हा प्रवास एरवी गमतीचा वाटतो. लोकसंख्येच्या बाबतीत मात्र त्यात गंमत उरलेली नाही. देशात शेवटचा शुमार २०११ साली झाला. त्यानंतर मोजणी नाही, पण ‘सुमारे’ रोज नवा येतो. मोबाइलवर येतो, भाषणात येतो, कधी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येतो. अमुक साली मुसलमान या देशात बहुसंख्य होतील, असे त्यात म्हटलेले असते. साल बदलते. कधी २०३५, कधी २०५०. खाली गणिताच्या दोन ओळी असतात, म्हणून वाचणाऱ्याला ते शास्त्र वाटते.

अशा मजकुरावर आपण मुसलमान दोनच गोष्टी करतो. काही जण चिडतात, बाकीचे गप्प बसतात. मला वाटते तिसरी गोष्ट करायला हवी : गणित करून पाहायला हवे. मी भाषेची शिक्षिका आहे, गणिताची नाही. पण या कामाला आठवीचे गणित पुरते. महाराष्ट्राच्या आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याजाचा पाठ आहे आणि त्यातच ‘शहराची लोकसंख्या दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढते, तर तीन वर्षांनी किती होईल’ अशी उदाहरणे आहेत. मुले ती सोडवतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढे जातात. त्या उदाहरणातला ‘दरवर्षी इतक्या टक्क्यांनी’ हा तुकडा किती मोठी अट आहे, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मोठेपणी फसवणूक होते ती याच तुकड्यापाशी.

चक्रवाढ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. साध्या व्याजात दरवर्षी सारखीच रक्कम मिळते. चक्रवाढीत व्याजावरही व्याज चढते, म्हणून वाढ स्वतःच वाढत जाते. लोकसंख्येचेही तसेच आहे, कारण आजची मुले उद्याचे आईबाप असतात. यालाच घातांकी वाढ म्हणतात. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ मध्ये ९.६९ कोटी होती, ती २०११ मध्ये ११.२४ कोटी झाली. दहा वर्षांत १६ टक्के वाढ. हाच दर पुढे ओढला तर २०२१ला १३.०४ कोटी आणि २०३१ला १५.१ कोटी होतात. नुसते १.१६ ने गुणत जायचे.

या गुणाकाराने ‘किती होतील’ ते कळते. ‘केव्हा होतील’ हे विचारायचे असेल तर उलटे जावे लागते, आणि तिथे लॉगॅरिदम लागतो. जॉन नेपियरने १६१४ मध्ये त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आमच्या पिढीपर्यंत ती ‘लॉग टेबल’च्या पातळ पुस्तिकेच्या रूपाने कॉलेजात हाताशी असत. लॉगची करामत अशी की तो गुणाकाराची बेरीज करून टाकतो. लोकसंख्या दुप्पट व्हायला किती दशके लागतील? २ चा लॉग ०.३०१०. १.१६ चा लॉग ०.०६४५. पहिल्याला दुसऱ्याने भागा : ४.६७. म्हणजे १६ टक्क्यांचा दशकी दर टिकला तर महाराष्ट्र ४७ वर्षांत दुप्पट होईल. लॉग टेबल नसेल तर ७० ला वार्षिक टक्केवारीने भागले तरी चालते. वर्षाला २ टक्के वाढ असेल तर ३५ वर्षांत दुप्पट.

इथवर सगळे बरोबर आहे. प्रश्न आहे ‘टिकला तर’ या शब्दांचा.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती लिहून ठेवली आहे. गोष्ट सांगताना आपण दाण्यांच्या प्रचंड आकड्यावर थांबतो. पण राजाने ते दाणे दिले नाहीत, कारण ते त्याच्याकडे नव्हतेच. कागदावर घर भरत जाते, कोठार मात्र आधीच रिते होते. घातांकी वाढीचे प्रत्येक भाकीत कोठाराचा विचार न करता केलेले असते.

याचे उदाहरण शोधायला मला लांब जावे लागत नाही. करंज्याच्या बंदरावरून समोर रेवस दिसते, मागे द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन आणि त्याहून पलीकडे मुंबई. मुंबईच्या वाढीच्या भाकितावरच आमचा हा सगळा मुलूख उभा आहे. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ मध्ये ४१.५ लाख होती, १९७१ मध्ये ५९.७ लाख झाली. दहा वर्षांत जवळजवळ ४४ टक्के वाढ. त्या वेळी कुणी हाच दर पुढच्या चार दशकांसाठी धरला असता, तर २०११ साली मुंबईची लोकसंख्या अडीच कोटींच्या वर जायला हवी होती. प्रत्यक्षात जनगणनेत ती १.२४ कोटी निघाली. निम्म्याहून कमी.

मधल्या दशकांत काय झाले ते लॉग घेतला की स्वच्छ दिसते. लाखांतले आकडे असे : ५९.७, ८२.४, ९९.३, ११९.८, १२४.४. नुसते पाहिले तर मुंबई वाढतेच आहे. आता प्रत्येकाचा लॉग घ्या आणि दर दशकात तो किती वाढला ते पाहा. १९६१ ते ७१ मध्ये ०.१५८, मग ०.१४०, मग ०.०८१, मग ०.०८२ आणि शेवटच्या दशकात ०.०१७. वाढ खरोखर घातांकी असती तर हे सगळे आकडे सारखे आले असते. आलेखाच्या कागदावर सरळ रेघ दिसली असती. इथे रेघ वाकते आहे. २००१ ते २०११ या काळात तर मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. माणसे गेली कुठे? त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी आणि आमचा रायगड १९ टक्क्यांनी वाढला. खाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मात्र कमी झाले. एकाच कोकणपट्टीत एकाच दहा वर्षांत इतके वेगवेगळे दर. मग ‘लोकसंख्या अमुक टक्क्यांनी वाढते’ या वाक्यातली लोकसंख्या नेमकी कुणाची?

भाकितांची किंमत कोण मोजते, हेही इथल्या माणसाला ठाऊक आहे. मुंबई फुगणार, म्हणून खाडीपलीकडे वीस लाखांचे नवे शहर हवे, असे ठरले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. मिठागरे गेली, भातखाचरे गेली, आगरी-कोळ्यांची खाडी आक्रसली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. माझ्या वर्गात त्या घरांतली नातवंडे बसतात. शहर झाले, नाही असे नाही. नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये ११ लाखांवर होती आणि पुढे २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, तिच्या हद्दीत त्याच जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे होती. पण शहर भरायला चाळीस वर्षे लागली आणि जमीन मात्र आधीच गेली होती. येणाऱ्या लाखोंचा अंदाज कागदावर पक्का होता. आधीपासून राहणाऱ्या हजारोंचा हिशेब सर्वांत शेवटी लागला.

आता पुन्हा तेच चालू आहे. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर करनाळा-साई-चिरनेर नवनगराचे क्षेत्र अधिसूचित झाले आहे. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. तिथे किती माणसे येतील याचे आकडे पुन्हा मांडले जातील. ते मांडणाऱ्यांना विचारायला हवे की आधारवर्ष कुठले, दर कुठला आणि तो दर किती वर्षे तसाच राहील असे तुम्ही धरले आहे. गावकऱ्याने हे प्रश्न विचारले तर त्याला विकासविरोधी म्हणतात. आठवीतल्या मुलाने विचारले तर त्याला हुशार म्हणायला हवे.

आता त्या मोबाइलवरच्या भाकिताकडे येऊ. तिथेही हेच तीन प्रश्न विचारायचे.

२०११ च्या जनगणनेत हिंदू ९६.६३ कोटी आणि मुसलमान १७.२२ कोटी होते. म्हणजे ७९.८ टक्के आणि १४.२ टक्के. आधीच्या दहा वर्षांत हिंदू १६.८ टक्क्यांनी वाढले, मुसलमान २४.६ टक्क्यांनी. मुसलमानांचा दर जास्त आहे, यात वाद नाही. मग ते बरोबरीला केव्हा येतील? लॉग टेबल उघडा. २०११ मध्ये हिंदू मुसलमानांच्या ५.६१ पट होते, त्याचा लॉग ०.७४९. १.२४६ चा लॉग ०.०९५५, १.१६८ चा ०.०६७४, दोन्हींतला फरक ०.०२८१. म्हणजे दर दशकाला अंतर इतके कापले जाते. ०.७४९ भागिले ०.०२८१ बरोबर जवळजवळ २६.७ दशके. २०११ मध्ये २६७ वर्षे मिळवा : साल २२७८.

इथे थांबून ‘बघा, अजून अडीचशे वर्षे आहेत’ असे म्हणणे सोपे आहे. पण तेही चुकीचेच ठरेल, कारण २२७८ हे सालसुद्धा त्याच खोट्या अटीवर उभे आहे. तेच दर तितकी वर्षे टिकले तर त्या साली भारतात हिंदू सहा हजार कोटींवर असतील आणि मुसलमानही तितकेच. दोन्ही मिळून बारा हजार कोटी. आज सगळ्या जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या थोडी पुढे आहे. म्हणजे जगाच्या पंधरापट माणसे एकट्या भारतात. हिमालयाची शिखरे आणि थरचे वाळवंट धरून देशाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरवर ३७ हजार माणसे, मुंबई उपनगराच्या २०११ मधल्या दाटीच्या पावणेदोन पट. त्या दिवशी बहुसंख्य कोण हा प्रश्न कुणाला पडणार नाही; पाय कुठे ठेवायचा, हा पडेल. ज्या सूत्रातून असे उत्तर निघते, ते सूत्र या कामाला लागू नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि २०५० चे भाकीत खरे व्हायचे असेल तर? त्याचेही गणित होते. हिंदूंचा दर १६.८ टक्केच धरला, तर मुसलमानांची संख्या २०११ पासून दर दहा वर्षांत ८२ टक्क्यांनी वाढावी लागेल. वर्षाला सहा टक्क्यांहून जास्त. प्रत्यक्षात १९८१ ते ९१ मध्ये मुसलमानांचा दशकी दर ३२.९ टक्के होता, पुढच्या दशकात २९.५, त्यापुढच्या दशकात २४.६. रेघ खाली येते आहे आणि भाकीत तिला उभी चढवते आहे. हिंदूंचा दरही याच काळात साधारण २३ वरून २० आणि मग १७ टक्क्यांवर आला. दोन्ही रेघा वाकताहेत आणि दोघींमधले अंतरही कमी होते आहे.

या आकड्यांची भीती नवी नाही. बंगालमध्ये १९०९ साली यू. एन. मुखर्जी यांनी हिंदू ही मरणपंथाला लागलेली जात आहे, अशा अर्थाची पुस्तिका लिहिली. तिचा आधार जनगणनेचे आकडे पुढे ओढणे हाच होता. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेल्या दशकात, १९११ ते २१ मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीने भारताची एकूण लोकसंख्याच थोडी घटली. कुठल्याही चक्रवाढीच्या सूत्रात साथ बसत नाही.

आपल्या आठवणीतलेही एक उदाहरण आहे. २००४ च्या सप्टेंबरात २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे जाहीर झाले. मुसलमानांची दशकातली वाढ ३६ टक्के, असा आकडा आला आणि मथळे सजले. नंतर खुलासा झाला. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. म्हणजे १९९१ च्या बेरजेत तिथले मुसलमान नव्हते, २००१ च्या बेरजेत होते. ते दहा वर्षांत जन्मले नव्हते, फक्त मोजले गेले होते. दोन्ही वर्षी सारखाच प्रदेश धरून हिशेब केला तेव्हा दर २९.५ टक्क्यांच्या आसपास आला, आधीच्या दशकापेक्षा कमी. वाढली म्हणून गाजलेली गोष्ट मुळात घटली होती. खुलाशाला मथळा मिळाला नाही. माणसांच्या मनात ३६ राहिला.

दर का घटतो, हे कळले की भाकितांचे भूत उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत होती आणि हिंदू स्त्रीला ३.३. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे आकडे २.४ आणि १.९ वर आले. तीस वर्षांत मुस्लिम स्त्रीची दोन मुले कमी झाली. दोघींमधला फरक एकाहून जास्त होता, तो अर्ध्या मुलाहून कमी झाला. ‘अर्धे मूल’ असे म्हणताना विचित्र वाटते, पण सरासरीची भाषा तशीच असते.

धर्मापेक्षा प्रांत आणि शाळा जास्त बोलतात, हेही त्याच सर्वेक्षणात दिसते. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या जम्मू-काश्मीरमध्ये हा आकडा १.४ आहे, आपल्या महाराष्ट्रात १.७ आणि बिहारमध्ये ३. केरळातल्या मुस्लिम स्त्रीला बिहारमधल्या हिंदू स्त्रीपेक्षा सरासरीने कमी मुले आहेत. देशभरात शाळेत न गेलेल्या स्त्रीला २.८ आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. हा शेवटचा आकडा मला माझ्या व्यवसायामुळे फार जवळचा वाटतो. आठवीतली मुलगी नववीत गेली, दहावीला बसली, बारावी झाली, की तिच्या लग्नाचे वय सरकते आणि देशाच्या आलेखाची रेघ तितकीच वाकते. कुणी कायद्याचा बडगा उगारून ती वाकवलेली नाही.

मराठीत हा विषय ज्यांनी सर्वांत आधी उघडपणे मांडला ते रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचेच प्राध्यापक होते, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. त्यांनी १९२१ मध्ये केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांना बाईच्या शरीराची आणि मर्जीची काळजी होती. कोण कोणाला संख्येत हरवतो, याची नव्हती. लोकसंख्येच्या चर्चेतून आज नेमकी तीच बाई गायब झाली आहे. एक बाजू तिच्याकडे शत्रूची कोठी म्हणून पाहते, दुसरी बाजू सैन्याची भरती म्हणून.

हो, दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याकडची आहे. ‘आपली संख्या हीच आपली ताकद’ असे सांगणारे पुढारी आणि काही वक्ते आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. भीती घालणाऱ्याचे आणि फुशारकी मारणाऱ्याचे गणित एकच असते, चिन्ह फक्त वेगळे. संख्येत ताकद असती तर सात-आठ भावंडांच्या घरांनी राज्य केले असते. मी शाळेत पाहिलेले वेगळे आहे. ज्या घरात मुले जास्त, तिथली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला आधी घरी थांबते. तिची हजेरी आधी आठवड्यातून एकदा चुकते, मग दोनदा, मग तिचे नाव पटावरून जाते. दर्जेदार उर्दू शाळा, गावाजवळ माध्यमिक वर्ग, मुलींसाठी सुरक्षित एसटी, दवाखान्यात नीट बोलणारी डॉक्टर, यांसाठी आपण किती भांडतो? या मागण्यांना टाळ्या पडत नाहीत. पण शाळेत टिकलेल्या मुलीने कुणाचेही भाकीत न वाचता ते खोटे पाडलेले असते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की मुसलमानांचे प्रमाण पुढची काही दशके थोडे वाढत राहील. १९५१ मध्ये ते ९.८ टक्के होते, साठ वर्षांत १४.२ झाले. आपल्या समाजात तरुणांचे प्रमाण जास्त आहे. आज वीस वर्षांच्या असलेल्या सगळ्या मुलींना दोनच मुले झाली तरी जन्म काही काळ जास्त राहतात. धावती एसटी ब्रेक दाबल्याबरोबर जागेवर थांबत नाही, तसेच हे. प्यू रिसर्च सेंटरने ही वयोरचना लक्षात घेऊन २०५० साठी जो अंदाज केला, त्यात भारतात मुसलमान १८ टक्क्यांच्या आसपास आणि हिंदू ७७ टक्क्यांच्या आसपास आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी २०२१ मध्ये आलेल्या ‘द पॉप्युलेशन मिथ’ या पुस्तकासाठी गणितज्ञांकडून हिशेब करून घेतला. मुसलमान हजार वर्षांतही हिंदूंना मागे टाकू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मी तर त्या हजार वर्षांवरही फार विसंबणार नाही. ज्या गणिताने भीती घालता येते, त्याच गणिताने दिलेला दिलासाही बेतानेच घ्यावा. पंधरावीस वर्षांपुढचे लोकसंख्येचे कुठलेही एकच एक साल छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो आपल्या बाजूचा असला तरी.

मग लोकसंख्येचा अंदाज करूच नये का? करायलाच हवा. पुढच्या पाच वर्षांत पनवेलमध्ये पहिलीला किती मुले येतील, उरणला किती पाणी लागेल, आरोग्य केंद्रात किती खाटा हव्यात, हे अंदाजाशिवाय ठरणार नाही. जाणकार माणसे तो करतात तेव्हा एकच दर धरून शंभर वर्षे उडी मारत नाहीत. ती वयाचे गट करतात, जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे वेगळे मोजतात, दर बदलता ठेवतात आणि कमीत कमी व जास्तीत जास्त अशी दोन टोके सांगतात. वाढ कोठाराला टेकली की रेघ सपाट होते, हे बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ मध्येच सूत्रात मांडले होते. चक्रवाढीचे सूत्र सुरुवातीच्या टप्प्यासाठी ठीक आहे. बँकेत ते बरोबर चालते, कारण दर किती हे बँकेने लिहून दिलेले असते. माणसांच्या बाबतीत तसे कुणीच लिहून दिलेले नाही.

यासाठी माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आम्हा शिक्षकांना. आठवीत चक्रवाढीचा पाठ शिकवताना एक तास वेगळा काढा. मुलांना आपापल्या तालुक्याचे जनगणनेचे आकडे द्या, एका दशकाचा दर काढायला सांगा, तो पुढे ओढायला सांगा आणि मग प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहायला सांगा. कुठे जुळले, कुठे चुकले, का चुकले? गिरणी बंद पडली की बंदर आले? उर्दू शाळेत हा तास घ्या, मराठी शाळेतही घ्या. एकदा स्वतःच्या हाताने २२७८ साल आणि बारा हजार कोटी माणसे काढलेल्या मुलाला कुठलाही फॉरवर्ड घाबरवणार नाही, आणि फुगवणारही नाही.

दुसरी सूचना सगळ्यांना. २०२१ ची लांबलेली जनगणना आता व्हायची आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सोळा वर्षांनी देश मोजला जाणार. यात जातीचीही नोंद होणार. दारावर येणारा प्रगणक बहुधा आमच्यातलाच एखादा शिक्षक असेल. आपल्या वस्त्यांमध्ये कागद म्हटले की भीती असते आणि त्या भीतीला कारणेही आहेत. तरी दार बंद करू नका. घरात किती माणसे आहेत, मुली किती शिकल्या, कोण कामासाठी आखातात गेले आहे, मातृभाषा कुठली, हे नीट सांगा. बाईची माहिती बाईला स्वतःला सांगू द्या. ज्यांची नोंद होत नाही त्यांच्या नावावर शाळा येत नाही, दवाखाना येत नाही. आणि मोजणी झाली नाही, तर ती रिकामी जागा अंदाजाने भरणारे तयारच बसलेले आहेत.